कानाला लावू नकोस

माझी आई फोनवर कशी बोलायची, ते बघण्यासारखं होतं. फोन वाजला की आधी डोक्यावरचा पदर सारखा करायची. मग तो बटणांचा साधा फोन कानाला इतका घट्ट लावायची, जणू पलीकडचं माणूस निसटून जाणार आहे. वरून पदराचं टोक ओढून घ्यायची आणि चालायला लागायची. ओसरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मागचं दार, आणि मागे न्हाणीजवळच्या धुण्याच्या दगडावर जाऊन टेकायची. तिथे रेंजची एकच दांडी, तीही कधी असायची, कधी नसायची. फोन दर दोन मिनिटांनी कटायचा. "मधातच कटते वं," असं म्हणून ती परत तिथूनच लावायची, पण दगड काही सोडायची नाही.

हे वडनेर भोलजीचं आमचं घर. बाबा गेल्यावर तिथे आई, भाऊ आणि वहिनी असे तिघेच राहिले. मी मेहकरला, सासरी. तिथल्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. दोन्ही गावं एकाच बुलढाणा जिल्ह्यातली, पण एसट्या बदलत जायचं म्हणजे दिवस मोडतो. त्यामुळे आम्हा मायलेकींचं सगळं फोनवरच चालायचं, रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला.

बोलणं म्हणजे तरी काय, भावाने कापूस कोणाच्या नादी लागून लवकर विकला, शेजारणीची सून माहेरी का जाऊन बसली, गुडघे कसे आहेत. माझ्या सासूबाईंबद्दल मी जे बोलायचे ते इथे लिहीत नाही. पण त्या दगडावर टेकली की आईचा आवाज खाली यायचा, आणि मग खरं काय ते बाहेर पडायचं. बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हा तिथूनच एकदा म्हणाली, "तुह्या बापाचा मले लय धाक होता वं. ते गेले तवा रडू आलं, पण त्याच्या आधी जीवाले मोकळं वाटलं." हे तिने जन्मात दुसऱ्या कोणाला सांगितलं नसणार. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, हात तसेच थांबले. तिने लगेच पुढे विचारलं, "जेवली का?"

मग आमच्या शाळेतल्या एका बाईंना कानामागे गाठ आली. स्टाफरूमने मधल्या सुट्टीत निकाल देऊन टाकला, की ही मोबाईलची करणी. मी आठवडाभर त्याबद्दल मिळेल ते वाचलं. मोबाईलची सगळी भीती मी मोबाईलवरच वाचली, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. बाईंची गाठ पुढे साधी चरबीची निघाली, त्या पेढे घेऊन आल्या, आणि आम्ही ते खाल्ले. पण माझं ठरलं होतं. एखादी गोष्ट माझ्या डोक्यात बसली की घरातल्या कोणाचीच सुटका नसते, आणि त्यातून मी पडले मास्तरीण.

त्या श्रावणात आईवर नियम सुरू झाले. फोन ब्लाऊजमध्ये ठेवायचा नाही. उशाखाली घ्यायचा नाही. कानाला लावायचा नाही, स्पीकरवर बोलायचं, हातभर लांब ठेवून. आणि ते मागच्या दगडावर जाणं अगदी बंद, कारण रेंज कमी असली की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो आणि लहरी जास्त सोडाव्या लागतात. हे मी वर्गात शिकवावं तसं तिला फोनवरच शिकवलं.

"आता ह्या वयात मले काय होते?" ती म्हणाली.

"तेच तं. ह्या वयात कायजी घ्या लागते."

धोका खरा किती आणि ऐकीव किती, हे विज्ञानाच्या बाईने नीट तपासायला हवं होतं. खात्रीने कोणी सांगत नव्हतं. पण सावध राहायला आपलं काय जातं, असं म्हणून मी मोकळी झाले. वायरचा इअरफोन हाही एक उपाय होता, मला माहीत होता. पण तो घेऊन गावी जावं लागलं असतं, शेजारी बसून कानात घालायला शिकवावं लागलं असतं. स्पीकरचं बटण मेहकरला बसून सांगता आलं. "मधलं बटण दाब, माय." झालं.

वहिनीने फोनची जागा ओसरीतल्या टेबलावर केली, खिडकीपाशी, तिथे दांड्या पुऱ्या यायच्या. वहिनी स्वभावाने गरीब. मी सांगितलेलं तिने अक्षरशः पाळलं. ती वाईट असती तर आज मला तिला दोष देता आला असता.

त्यानंतर आमचा फोन म्हणजे ग्रामसभा झाली. तिकडे भाऊ खाटेवरून मध्येच ओरडायचा, वहिनी दारातून काही विचारायची, शेजारीण ताकाला आली तर तीही दोन शब्द बोलून जायची. इकडे माझा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि सासूबाई "विहीणबाई, कशा आहात?" म्हणून सुरू व्हायच्या. मला हे फार आवडलं होतं. आमच्याकडे आता काही आडपडदा नाही, असं मी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आईचा आवाज मात्र मोठा आणि सपाट झाला. हाव. बरं हाये. हाव. जेवली का? ठेवतो मंग. पाच मिनिटांच्या वर फोन जाईनासा झाला. मला वाटलं, वय झालं, बोलायचा कंटाळा येत असेल.

ती कंटाळलेली नव्हती. आज एकेक फोन आठवतो आणि माझाच संताप येतो. दसऱ्याच्या आसपास ती म्हणाली, "जरा कानाले लावू दे न वं." मी म्हटलं, "अजिबात नाही." पुढे एकदा म्हणाली, "तुह्याकडे कोन कोन हाये आता?" मी म्हटलं, "सगळेच आहेत. बोल न." ती मग म्हणाली, "काई नाही. भाजी कायची केली?" मेथीची केली होती. संक्रांतीनंतर म्हणाली, "एखाद्या रविवारी येऊन जाय न." मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे, आखाजीले येतोच."

एकदा तर तिने चोरून फोन उचलला आणि मागे दगडावर जाऊन मला लावला. "हॅलो" म्हणाली तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "आत्याबाई, ताईंनी तिथं बोलू नका म्हणून सांगतलं न." मी लगेच ओरडले, टेबलावर जा म्हणाले, आणि टेबलावर फोन आल्यावर सगळ्यांच्या देखत तिला झापलं. "लहान पोरगी हायेस का तू, लपून फोन कराले?" भाऊ हसला, वहिनी हसली, माझ्याकडे सासूबाई हसल्या. आईही हसली. तिचं ते हसू मला अजून ऐकू येतं, आणि ते ऐकू आलं की मला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले. तिने पुरणाचं सगळं केलं होतं, पण बसून बसून. चेहरा उतरलेला. दुपारी मी हात धुवायला मागे गेले, तर न्हाणीच्या आडोशाला दोरीवर टॉवेल वाळत होता, आणि टॉवेलखाली जुन्या लुगड्याच्या घड्या. धुऊनही डाग न गेलेल्या. आईची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती.

ती माझ्या मागेच येऊन उभी होती.

"माय, हे कवापासून?"

"पोया झाला तवापासून."

पोळ्यापासून आखाजीपर्यंत मी महिने मोजायला लागले आणि सोडून दिले.

"मग मले काऊन नाही सांगतलं? रोज तं बोलतो आपण!"

"कशी सांगू? पोरगा खाटीवर, सून दारात, तुह्याकडून तुही सासू. असं काय टेबलावर ठेवून सांगतेत का वं?"

"वहिनीले तरी सांगाचं."

"लाज वाटे." मग दोरीवरच्या घड्या काढता काढता म्हणाली, "तुले म्हणलं होतं न, कानाले लावू दे म्हणून."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी तिथेच त्या दगडावर बसले.

अकोल्याला नेलं. गर्भपिशवीचा कॅन्सर होता आणि तो बाहेर पसरला होता. डॉक्टर म्हणाले, रक्त दिसलं तेव्हाच आणायला हवं होतं, तेव्हा हातात बरंच काही होतं. मी त्यांना मूर्खासारखं विचारलं, मोबाईलमुळे झालं असेल का हो? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाही हो बाई. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही." मला दुसऱ्या कोणावर तरी ढकलायचं होतं, आणि ते जमलं नाही. मी तिचं डोकं सांभाळत बसले आणि ती माझ्या नियमात बसून गुपचूप रक्त धूत राहिली. हे मी केलं. लोक म्हणतात, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. हो, चांगल्यासाठीच केलं.

आईला वडनेरला परत आणल्यावर मी वहिनीला सांगितलं की फोन आईच्या कानाला लाव आणि दार ओढून घे. वहिनी तसंच करायची, उशी लावून फोन टेकवून द्यायची. आई परत हळू आवाजात बोलायला लागली. भावाने औषधासाठी धावपळ करून अंग झिजवलं म्हणाली, तिची स्वतःची नवी साडी वहिनीला दे म्हणाली, माझ्या सासूबाईंची निंदाही थोडी ऐकून घेतली. हे दिवस फार थोडे मिळाले.

ती गेली त्याच्या चार दिवस आधीचा फोन. पुन्हा पोळा तोंडावर आला होता. मधली सुट्टी होती, मैदानात पोरांचा कालवा, म्हणून मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्या कानावर फोन दाबून धरला. कान दुखायला लागला.

"कानाले तं नाही लावला न वं तू?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"तूच म्हणली होती न, डोक्याले वाईट असते. तुले अजून लय दिवस काढाचे हायेत. दूर धर."

"दूरच हाये माय," मी खोटं बोलले. "स्पीकरवर ठेवला."

"मंग कोन ऐकून राह्यलं?"

"कोनीच नाही. मी एकटीच हाये. दार लावलं."

तिकडे उशी सरकल्याचा आवाज आला. फोन कटला की काय असं वाटून मी बघायला काढणार, तेवढ्यात ती बोलली.

"मले भेव लागून राह्यलं वं."

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.