उद्या सकाळी काय करसान?

कुणी कितीही आभाळाएवढं सांगितलं, तरी मॅडम चष्मा काढून दोरीला लोंबता सोडायच्या आणि विचारायच्या, "बरं जी. मंग उद्या सकाळी काय करसान?"

त्या समुपदेशक. सौसरहून बसने पांढुर्ण्याच्या दवाखान्यात यायच्या. तुम्ही कधी त्यांच्या दाराशी बसला असाल, तर आतून रडण्यापेक्षा हसणंच जास्त ऐकलं असेल.

आमच्या घरची अडचण सांगितल्याशिवाय त्या कळायच्या नाहीत. संत्र्याच्या बागेची वाटणी झाली आणि बाबा-काकांचं बोलणं तुटलं. विहीर मात्र एक, मोटर एक, अंगण एक. मग निरोप बकरीमार्फत. काका समोर उभे, आणि बाबा बकरीला म्हणत, "सांग त्याले, मोटर बंद कर." काका बकरीलाच उत्तर देत, "सांग, ऐकू आलं." हसू नका. दिवाळीला आई आणि काकू गोठ्यामागे चोरून चकल्यांची अदलाबदल करायच्या.

महाशिवरात्रीला बाबा मोहगावच्या जत्रेत भांगेचा मोठा लोटा पिऊन आले. थेट बागेत गेले, झाडाला मिठी मारून रडले, मग खदाखदा हसले. दुसऱ्या दिवशी भांग उतरली, बाबा नाही उतरले. व्यापारी बाग पाहायला आला, त्याला म्हणाले, "तोडू नका, आत माणसं हायेत." व्यापाऱ्याने चहाही घेतला नाही. बाबांना झोप नाही, आणि एकच हट्ट: अजून एक लोटा पाहिजे.

घरातली पहिली पदवीधर मी. बी.ए., फर्स्ट क्लास. लपवण्यासारखं काय त्यात? सगळे म्हणाले, तू शिकलेली, तूच ने. नेलं. वाटणीचं आणि दोघांत एकाच मोटरीचं मॅडमना मीच सांगितलं.

"मॅडम, म्या पाह्यलं," बाबा म्हणाले. "सारा एकच संत्रा हाय. मी एक फोड, भाऊ एक फोड. दोघांमधात इवलासा पापुद्रा. आमची आई सोलून आम्हा दोघांले भरवून राहिली होती." आणि रडू लागले.

मॅडमनी रडू दिलं. मग चष्मा दोरीला. "बरं जी. मंग उद्या सकाळी काय करसान?"

"अजून एक लोटा घेतो. पुरं दिसन."

"नाही जी. लोटा बंद. दिसलं ते खोटं नाही, पण ते काही लोट्यात ठेवलेलं नाही. उद्या सकाळी काय काम हाय?"

"ओलीत. बागेले पाणी द्याचं."

"मोटर बंद कर म्हणून भावाले कोण सांगते?"

बाबा ओशाळले. "बकरी."

मॅडम इतक्या हसल्या की दोरीसकट चष्मा खाली पडला. बाबाही हसले, मीही. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मंग हे काम आता बकरीकडून काढून घ्या. एवढंच. बाकी संत्रा मंग पाहू."

एवढं सोपं नव्हतं. बाबा दर खेपेला जाऊन सांगायचे, "तोंड उघडते, पण आवाज निघत नाही जी." मॅडम म्हणायच्या, "तोंड उघडलं ना? उद्या सकाळी पुन्हा उघडा." घरी बाबा सराव करायचे. कोणासमोर? बकरीसमोर!

आणि एका सकाळी अंगणात काकांसमोर उभं राहून बाबा म्हणाले, "भाऊ..."

बकरीने सवयीने उत्तर दिलं, "बें!"

काकांनी बकरीकडे पाहिलं. मग काका म्हणाले, "अबे, तिले बोलू दे पहिले. इतके वर्षं तीच बोलून राहिली." दोघे पोट धरून खाली बसले. मोटर चालूच राहिली, वाफे भरून पाणी रस्त्यावर गेलं. कुणी बंद केली नाही.

यंदा बाबा, काका आणि मी संत्र्यांची टोपली घेऊन दवाखान्यात गेलो, तर मॅडमच्या खुर्चीवर नवे सर. मॅडमची बदली झाली होती. बाबांनी टोपली टेबलावर ठेवली. मग संत्रा सोलला, अर्धा सरांपुढे ठेवला, अर्धा काकांच्या हातात दिला.

बाबांनी पुन्हा भांग घेतली नाही. बाबा आणि काका रोज बोलतात. जास्त करून भांडतात, पण एकमेकांशी.

बकरी निवांत चरते.