बारकीने पत्ते टाकले नाहीत

माझी नणंद चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे गिऱ्हाइकांसमोर नाही, मागच्या खोलीत. काच फ्रेमच्या मापाने घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, काच फ्रेममध्ये बसवायची आणि जेमतेम दिसेल एवढा स्क्रू पिळायचा. घासायच्या यंत्रावर सारखं पाणी पडत असतं, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली आणि नखांत पांढरा गाळ. घरात सगळे तिला बारकी म्हणतात. चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पिकले, तरी बारकीच. माझा नवरा तिचा थोरला भाऊ. त्याला कोणी बारका म्हणून बघा.

आधी ती चष्म्याच्या दुकानात नव्हती. माझ्या सासऱ्यांचं रंगांचं दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर ती तिथे जायला लागली आणि तिथलीच झाली. भिंतीच्या रंगाचा एक पोपडा कोणी आणून दिला की डब्यात थेंब थेंब रंग टाकून ती हुबेहूब तसाच रंग काढून द्यायची. सासरे गेले तेव्हा माझा नवरा तिसरी नोकरी सोडून घरी बसला होता. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्या सकाळी तो दुकानातल्या वडिलांच्या खुर्चीवर जाऊन बसला. "आता मी बघतो," बारकीला म्हणाला. "तू खूप केलंस. आराम कर." ती घरी आली. मोरीत उभी राहून टर्पेंटाइनच्या बोळ्याने कोपरावरचा हिरवा रंग पुसत होती, पुसून झाला तरी पुसत होती. सासूबाई कौतुकाने मला म्हणाल्या, "समजूतदार आहे गं पोर." तेव्हापासून मी समजूतदार हा शब्द कोणाला लावत नाही. ज्याचं काढून घ्यायचं असतं त्याला आधी समजूतदार म्हणायचं, एवढं सोपं काम आहे ते.

तर पोकर. हे खूळ नवऱ्यानेच घरात आणलं. रविवारी जेवण झालं की पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडायचा आणि अनोळखी लोकांशी पत्ते खेळायचे. त्याला खेळायला कोणी नको होतं, बघायला हवं होतं. मी सरळ सांगितलं, मला झोपायचंय. मग त्याने बारकीला बोलावलं. "बस इथे, तुला शिकवतो." आणि शिकवलंही. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मधे सगळ्यांसाठी पाच उघडे, त्यातून ज्याचं चांगलं जुळेल तो जिंकतो. मधे मधे डाव लावत जायचा, म्हणजे बोली वाढवायची. धीर नसेल तर आपले पत्ते टाकायचे आणि त्या डावातून बाहेर व्हायचं. स्पर्धेत सगळ्यांना पैशांऐवजी सारख्या चकत्या मिळतात, त्या संपल्या की खेळ संपला. "पण खरी मजा पत्त्यांत नाही," तो खुर्चीत रेलून सांगायचा. "समोरच्याला घाबरवण्यात आहे. आपल्या हातात काही नसलं तरी त्याला वाटलं पाहिजे की आहे."

ती त्याच्या खुर्चीमागे स्टुलावर बसून बघायची. एकदा हळूच म्हणाली, "दादा, हा समोरचा खोटा डाव लावतोय. खरे पत्ते असतात तेव्हा तो थांबत नाही."

"तुला काय कळतंय? गप बघ," नवरा म्हणाला आणि पत्ते टाकले. समोरच्याने गंमत म्हणून आपले पत्ते दाखवले. काहीच नव्हतं. नवऱ्याने आमचं इंटरनेट किती भिकार आहे यावर बराच वेळ भाषण दिलं.

त्यानंतर तिने स्वतःच्या फोनवर खेळायला सुरुवात केली. दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता. मला ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही. खेळात तिने स्वतःचं नाव ठेवलं होतं बारीकस्क्रू. नवऱ्याचं नाव होतं वाघएक. वाघ दोन कोण, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मग ती मोठी स्पर्धा आली. शेकडो लोक एका वेळी खेळणार आणि पहिल्या तिघांना समुद्रापलीकडच्या शहरात टेबलावर समोरासमोर बसून खेळायचं बोलावणं मिळणार, येण्याजाण्याच्या खर्चासकट. नवऱ्याने आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रविवारी दुकान बंद, फोन बंद, पुढच्या खोलीत कोणी पाऊल ठेवायचं नाही. बारकी मागच्या खोलीत, तिच्या आणि सासूबाईंच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून फोन घेऊन बसली. नियमांप्रमाणे एका घरातले दोघं खेळू शकत होते. एकमेकांना मदत मात्र करायची नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. ती मला म्हणाली, "एवढ्या लोकांत दादाची नि माझी गाठ कशाला पडतेय!"

पडली. लोक गळत गेले, टेबलं कमी होत गेली आणि उरलेले नऊ जण एकाच टेबलावर आले. पुढच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "हा बारीकस्क्रू कोण नालायक आहे? मघापासून माझ्याच मागे लागलाय." मग ते नाव त्याच्या डोक्यात उलगडलं असावं. मग खुर्ची सरकली. तो बोळातून मागच्या खोलीकडे गेला तो असा, की मी हातातलं ताट तसंच ओट्यावर ठेवून मागे धावले.

"तू?" तो दारात उभा राहून म्हणाला.

"हो," बारकी म्हणाली. डोळे फोनवरच.

"मला न सांगता?"

"तू मला सांगून खेळतोस का?"

तो दाराला टेकला. मग हसला, आणि त्या हसण्याची मला खरी चीड आली. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो असंच हसतो. "बरं, झालं ते झालं. एका परीने बरंच झालं. आता ऐक. मी डाव लावला की तू पत्ते टाकायचे. तुझ्या चकत्या हळूहळू माझ्याकडे येऊ दे. घरात एक तरी बोलावणं येईल."

"ते नियमात नाही, दादा."

"नियम मला शिकवू नकोस. तुला शिकवलं कोणी?"

"तूच," बारकी म्हणाली. "बाजूला हो, माझी पाळी आलीय."

तो तणतणत परत गेला. पुढचा अर्धा तास दोघंही आपापल्या खोलीत खेळत राहिले. नऊचे सात झाले, सातांचे पाच. मी तिच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसले होते. तिच्या हातात दोन नव्व्या होत्या. मधे पत्ते उघडत गेले, राजा, दहा, चौकी, दुर्री आणि शेवटी गुलाम. म्हणजे तिच्या नव्व्यांपेक्षा मोठे तीन पत्ते समोर पडलेले. समोरच्याकडे त्यातल्या एकाचीही जोडी असली तर ती मेली. आणि वाघएकने आपल्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या.

"टाकावे लागणार," ती पुटपुटली. मलाही तेच वाटलं.

तेवढ्यात टेबलावरच्या गप्पांच्या चौकोनात, सगळ्यांना दिसेल असं, उमटलं: "बारके, मुकाट्याने पत्ते टाक. मोठा भाऊ सांगतोय." आणि त्यामागोमाग सासूबाई आत आल्या. पदराने चेहरा पुसत होत्या.

"तो म्हणतोय टाकून दे," त्या म्हणाल्या. "त्याचा चेहरा बघ कसा लाल झालाय, रक्तदाब वाढेल. दे ना सोडून. तुला काय करायचंय तिकडे जाऊन?"

बारकीने मान वर केली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. गालावरची शीर उडत होती.

"आई," ती म्हणाली, "त्याच्याकडे पत्ते असते तर त्याने तुला पाठवलं असतं?"

सासूबाईंना कळलं नाही. मलाही थोडं उशिराच कळलं. हातात राजा असलेला माणूस कशाला सांगेल की पत्ते टाक? त्याला तर तिने खेळावं असंच वाटणार. तिने फोनवर अंगठा दाबला आणि तेवढ्याच चकत्या लावल्या. पत्ते उलटले. माझ्या नवऱ्याकडे छक्की आणि पंजी होती. काहीही नाही, आणि त्याचा खेळ तिथेच संपला. रिकाम्या हाताने त्याने सगळं पुढे लोटलं होतं, फक्त आपण मोठे आहोत आणि ती समजूतदार आहे, एवढ्या भरवशावर.

पुढच्या खोलीतून काही तरी आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ पंखा थांबला. दिवा गेला. नवऱ्याने बोळात जाऊन मेन स्विच पाडला होता. तिचा खेळ त्याच्या इंटरनेटवर चाललाय असं त्याला वाटलं. ती केव्हापासून स्वतःच्या फोनवरच्या इंटरनेटवर खेळत होती. उजेड खिडकीतून येत होता, तेवढा पुरेसा होता.

"खेळ," मी तिला म्हटलं आणि बोळात गेले. नवरा स्विचसमोर छाती काढून उभा होता.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"बाजूला हो," मी म्हटलं. "फ्रिजमध्ये दूध आहे."

मला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, ओठावर आलं ते दूध. पण तो बाजूला झाला. मी स्विच वर केला.

आता तुम्हाला वाटेल की ती जिंकली. नाही. परत आले तेव्हा ती फोनवर वाकली होती. दर डावाला चकत्या लावत होती, पत्ते असोत नसोत, एकही टाकत नव्हती. "बारके, सावकाश," मी म्हटलं. "एकदाही टाकणार नाही आज," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "एकदाही नाही." दादाकडून आलेल्या सगळ्या चकत्या तिने रागाच्या भरात उधळल्या आणि चौथी येऊन बाहेर पडली. बोलावणं तिघांनाच होतं. तिने फोन उशीवर फेकला आणि अशी एक शिवी दिली की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. बारकीच्या तोंडून शिवी ऐकायची आमची पहिलीच वेळ.

एवढ्यावर थांबला असता तर तो माझा नवरा कसला! दुसऱ्या दिवशी त्याने स्पर्धा भरवणाऱ्यांकडे तक्रार केली. म्हणे, बहीण त्याच घरात होती, आईने माझे पत्ते बघून तिला सांगितले, तिला कायमचं बाद करा. स्वतःच्या आईचं नाव घातलं त्यात. सासूबाईंना राजा आणि गुलाम यातला फरक कळत नाही. त्या लोकांनी तो डाव पुन्हा काढून बघितला, गप्पांचा चौकोनही बघितला. उत्तर आलं की बारीकस्क्रूने काही चुकीचं केलेलं नाही. वाघएकने मात्र दुसऱ्या खेळाडूवर पत्ते टाकण्यासाठी उघड दबाव आणला, म्हणून त्याचं खातं बंद करण्यात येत आहे.

तो ते उत्तर वाचून जेवणाच्या टेबलावर आला. "झालं समाधान?" बारकीला म्हणाला. "भावाला बाद करून मिळालं काय तुला? चौथा नंबर! माफी माग. माझी आणि आईची."

बारकी जेवत होती. तिने घास संपवला, पाणी प्यायली. "मी तुझ्या खुर्चीवर बसले नव्हते, दादा," ती म्हणाली. "माझ्या पलंगावर बसले होते. तिथूनही तुला मला उठवायचं होतं. बाबांच्या खुर्चीवरून उठवलंस तेव्हा मी बोलले नाही, ती माझी अक्कल. आता बोलते. तुझ्याकडे तेव्हाही पत्ते नव्हते."

"या घरात राहायचं असेल तर..." त्याने सुरुवात केली.

"नाही राहायचं," ती म्हणाली.

महिना संपायच्या आत तिने चष्म्याच्या दुकानामागच्या गल्लीत एक खोली घेतली. वरचा मजला, चिंचोळा जिना, खिडकीबाहेर टेलरचा बोर्ड. सामान हलवायला मी गेले. नवरा दुकानात होता, मुद्दाम. गाद्या, कपाट, एक शेगडी, आणि सासऱ्यांची रंग ढवळायची लाकडी पट्टी, जी तिने न विचारता घेतली. रंग जुळवून घ्यायला येणारी जुनी गिऱ्हाइकं हल्ली दुसरीकडे जातात, हे नवरा कबूल करत नाही. नको करू दे. मला दिसतं.

सासूबाई पहिल्यांदा तिच्या खोलीवर आल्या तेव्हा मी सोबत होते. जिन्याने त्यांना धाप लागली होती. खुर्चीवर बसल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "एका खेळापायी घर सोडलंस. किती तापट झालीस गं."

"झाले नाही," बारकी म्हणाली. चहाचं आधण ठेवत होती, पाठमोरीच. "होतेच. तुम्ही कोणी बघितलं नाहीत."

"दादा म्हणतो, ये म्हणावं परत. तो विसरायला तयार आहे."

बारकी वळली. हातात चमचा होता, तो तिने ओट्यावर असा आपटला की कपबशी किणकिणली. "तो काय विसरणार? विसरायचं माझ्याकडे आहे, त्याच्याकडे काय आहे? त्याला सांग, निरोप आईच्या हाती पाठवायचा नाही. यायचं तर स्वतः ये, जिना चढ, आणि दार वाजव."

सासूबाई रडायला लागल्या. बारकीने त्यांना जवळ घेतलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. तिने चहा गाळला, त्यांच्यासमोर कप ठेवला आणि साखर किती घालू, असं विचारलं. नवरा अजून तो जिना चढलेला नाही.