वाहिदचाचांनी विकलेला घाण मासा

शहाद्याच्या बाजारात वाहिदचाचांकडचा मासा डोळे मिटून घ्यावा. पोट चिरायचं, आतलं सगळं खरवडून काढायचं, तीन पाण्यांनी धुवायचं आणि मगच मासा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा त्यांचा नेम. कुणी घाईत "तसाच द्या" म्हणालं, तर चाचा शांतपणे सांगतात, "दुसरा दुकानम्हा जाय भाऊ." मी इतकं जुनं गिऱ्हाईक, पण मलाही सुटका नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकणारी भूमिका दुकानापुढे येऊन उभी राहिली. घर पाटलांचं, स्वयंपाकघरात कांदासुद्धा बिचकत शिरतो असं. नाकाला ओढणी, हातात स्टीलचा डबा.

"चाचा, तापीना चार मासा द्या. कॉलेजना प्रयोगसाठे. प्लास्टिकनी पिशवी नको."

तापीच्या माशांच्या पोटात प्लास्टिकचे बारीक कण किती सापडतात, हे तिला शोधायचं होतं. नमुने त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचले नाहीत, तर प्रकल्प बाद. हे सगळं तिने मला सांगितलं, कारण माशांकडे बघायचं टाळायला तिला कुणाशी तरी बोलत राहणं भाग होतं. चाचांच्या मनात मात्र एकच गोष्ट भरली होती, पाटलांची पोर आयुष्यात पहिल्यांदा मासा घेते आहे. मग काय विचारता, चार देखणे मासे निवडले आणि तीनऐवजी पाच पाण्यांनी धुतले.

भूमिकेने डबा उघडला आणि ती रडकुंडीला आली. "चाचा, यासना पोटमातलं कोठे शे?"

"फेकी दिनं. घाण व्हती ती."

"माले घाणच पाहिजे व्हती ना."

मासा साफ करून विकतात, हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं. घरात कधी आला असता तर कळलं असतं. आणि घाण मागणारं गिऱ्हाईक चाचांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही बादलीकडे धावलो, तर मांजरांचं जेवण उरकलेलं.

"मन्हा हाते पोरनं नुकसान व्हयनं," म्हणत चाचांनी सुरी माझ्या हातात कोंबली, चपला उलट्या पायात घातल्या, मोटारसायकलला लाथ मारली आणि तापीकाठच्या प्रकाशा गावाची वाट धरली. मागे दुकानदार मी. एका बाईंना मी कटला म्हणून भलताच मासा बांधून दिला आणि वर भावावरून त्यांच्याशीच हुज्जत घातली. भूमिका आधी रडली, मग ओढणीआड हसायला लागली, मग आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

चाचा परतले ते कमरेपर्यंत भिजलेले. मागच्या सीटवर नदीत जाळं टाकणारा भिला, त्याच्या मांडीवर मडकं, मडक्यात त्याच्या जाळ्यातले चार मासे, पोटासकट. भिला हसून हसून बेजार झाला होता. "रस्ताभर चाचा म्हने, जरासं पोट तं चिरी लेऊ दे, माले लाज वाटस."

मासे डब्यात टाकताना चाचांनी मान खाली घातली. "बेटा, कोनले सांगू नको. वाहिदना दुकानमातून घाण मासा गया."

नमुने वेळेत पोचले. काही दिवसांनी भूमिकेने आम्हाला लोणखेड्याला बोलावलं. चाचा लग्नाला निघाल्यासारखे अत्तर लावून आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर गाळणकागदावर निळे धागे आणि एक लाल तुकडा. कपड्यांचे, जाळ्यांचे, पिशव्यांचे तुकडे झिजून नदीत जातात, मासा ते खाणं समजून गिळतो, पोट भरल्यासारखं वाटून खरं खाणं कमी करतो, असं तिने सांगितलं. बारीक कण मांसात किती उतरतात, त्याचा अभ्यास अजून चालूच आहे, असंही म्हणाली.

चाचा बराच वेळ नळीवरून डोळा काढेनात. मला वाटलं, आता आपल्या पाच पाण्यांची बढाई मारणार. त्यांनी डोळा पुसला आणि विचारलं, "आपुन तं साफ करीसन खातस. नदीवरना बगळासले कोन साफ करी देस?"