डोस घेऊनही जुलाब

माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिला जुलाब लागले. आम्ही हिंगणीला भाजीपाला पिकवतो. त्या सकाळी वांगी तोडायची सोडून मी तिला मांडीवर घेऊन बसले. रोटाव्हायरसचे तिन्ही डोस तिला अंगणवाडीत वेळेवर पाजले होते, म्हणून सासूबाई जास्तच वैतागल्या. गावच्या आशा सेविका, आशाताई, आल्या तेव्हा सासूबाईंनी थेट विचारलं, "तुमी तं हगवणीचा डोस पाजला होता. मंग पोरीले हगवण काऊन लागली?"

आशाताई खाली बसल्या. म्हणाल्या, "आई, हगवण लय कारणांनी लागते. हा डोस त्यातल्या एका जबर हगवणीसाठी हाय. अन् कोणतीबी हगवण लागली तं हे." त्यांनी ओआरएसचं पाकीट आणि झिंकच्या गोळ्या काढल्या. "अंगावरचं दूध बंद करू नका. पोरगी सुस्त पडली, पीत नसली, तं लगेच दवाखान्यात नेजा."

सासूबाईंनी ओआरएस पाण्यात कालवलं आणि दिवसभर वाटी-चमचा त्यांच्याच हातात होता. संध्याकाळी पोरीने भरपूर लघवी केली आणि रडून दूध मागितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबले.

पुढे जाऊबाईंच्या मुलाच्या डोसची वेळ आली, तेव्हा त्याला अंगणवाडीत घेऊन सासूबाईच गेल्या.