फलकावरचा लाल शेरा

रविवार, १७ मार्च १९७४. सकाळी सात वाजता मी माळ्यावरून फलक खाली उतरवला आणि ओल्या फडक्याने पुसला. लाल पेन्सिलीचा शेरा तेवढा जपला.

किसन जाऊन तीन आठवडे झाले होते. कावीळ झाल्याचे कळले, मी राहुरीच्या दवाखान्यात पोहोचलो, तोवर सगळे आटोपले होते. देवळालीच्या आमच्या शाळेत तो चित्रकला शिकवी, मी विज्ञान. त्याआधी तो तमाशाच्या फडांचे बोर्ड रंगवी. हे त्याने कधी लपवले नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी राहात्याला विज्ञान प्रदर्शन भरले. आमचा विषय, विहिरी का आटतात. मी लिहिलेला मजकूर किसनने वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. "सर, ह्ये लई झालं. आदी मानूस थांबला पायजे. थांबला तरच वाचंल." त्याने फलक शाळेसमोरच्या कडुनिंबाला टांगला आणि तो मागे मागे चालत रस्त्यापलीकडे गेला. बैलगाडीतून जाणाऱ्याला जे अक्षर लागणार नाही ते जाड करायचे, ही फडाची रीत. लाल भुईवर पिवळी अक्षरे, त्यांना काळी सावली. खाली विहिरीचा उभा छेद: माती, मुरूम, खडक. पाणी मात्र अगदी तळाशी, बोटभर निळे.

"ते पाहायला वाकावे लागेल," मी म्हणालो.

"वाकू द्या की. हिरीत बघताना वाकत्यातच."

प्रदर्शनात लोक खरोखर वाकले. एक म्हातारा शेतकरी ओरडला, "आरं, ही तर आपलीच हीर हाय!" त्या गर्दीतून वाट काढत शिक्षण खात्याचे तपासनीस आले. "हा विज्ञानाचा फलक की तमाशाचा? गण झाला का? गवळण कधी?" बरोबरचे हसले. साहेबांनी लाल पेन्सिल काढली आणि फलकाच्या पांढऱ्या कडेवर लिहिले, "तमाशा. अपात्र." खाली सही.

"साहेब, कागदावर ल्ह्या. बोर्डावर नगं," किसन म्हणाला. साहेबांनी सहीखाली रेघ ओढली.

त्या वर्षी किसन नोकरीत कायम व्हायचा होता. त्या शेऱ्यामुळे झाला नाही. जूनमध्ये त्याला शाळेत घेतलेही नाही. तो पुन्हा फडांचे बोर्ड रंगवू लागला… फलक मी घरी आणला. शेरा पुसून टाकतो म्हटले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सर. सही हाय त्याच्यावर."

शाळेतल्या त्या रविवारच्या शोकसभेला अध्यक्ष म्हणून मी त्याच साहेबांचे नाव सुचवले. मृत्यूबरोबर वैर संपते म्हणतात. माझे संपलेले नाही. सभेआधी मी फलक अध्यक्षांच्या खुर्चीमागे एका खिळ्याला टांगला.

साहेब बोलायला उठले. "किसनरावांची कला प्रथम ओळखली ती मी…" पहिल्या रांगेतली माणसे पुढे वाकून त्यांच्या मागे पाहू लागली. साहेब थांबले, वळले. स्वतःची सही ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

किसनची बायको कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "काय लिवलंय, साहेब? तुमीच वाचा की. मला वाचाया येत न्हाई."

साहेबांनी वाचले नाही. खालीही बसले नाहीत. चष्मा खिशात घालून ते निघून गेले.

सभा पांगल्यावर मुख्याध्यापक जवळ आले. "झाले ना मनासारखे? आता उतरवा, सर."

मी आणखी एक खिळा मागून घेतला आणि फलकाच्या दुसऱ्या टोकाला ठोकला.