दुःखसप्ताहातला मुका

अस्नाकेच नेमाची बाई. नेमाची म्हणजे किती, तर डोंगरावरच्या त्या गावातल्या बायका म्हणायच्या, "हिच्या घरातले उंदीरसुद्धा ईस्टरपर्यंत लोण्याला तोंड लावत नाहीत!" पंचावन्न दिवसांचा उपास. दूध नाही, अंडं नाही, आणि शेवटच्या दुःखसप्ताहात तर संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्याच आठवड्यात कुणी कुणाचा मुका घ्यायचा नाही, हाही नेम. एरवी भेटलं की गालाला गाल लावून तीनतीनदा मुके घेणारी ही माणसं. पण शिष्य यहूदानं मुका घेऊनच धन्याला, प्रभूला, शिपायांच्या हाती दिलं, म्हणून ईस्टरचा कोंबडा आरवेपर्यंत सगळं बंद. लांबूनच मान लववायची आणि पुढं चालायचं.

तीन वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात, मंगळवारी, गावातल्या तरण्या पोरांना लढाईवर न्यायला ट्रक आला. तिचा थोरला गेताहुन खांद्याला पिशवी अडकवून दारात आला आणि सवयीनं वाकला. हिनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारलं.

"अरे, आठवडा कुठला आहे? ईस्टरला येशील ना, तेव्हा घे किती घ्यायचे ते."

"आई, तू कुठं मला शिपायांच्या ताब्यात देते आहेस?" तो हसला. "मी तर आपल्या पायानं चाललोय!"

ट्रक गेला तो गेलाच. पुढं बाकीच्या घरांत निरोप आले. कुणाचा पाय गेला होता, कुणाचा पोरगाच गेला होता. ज्यांचे गेले त्यांनी छाती पिटून घेतली, चाळिसाव्या दिवशी गावाला जेवण घातलं. अस्नाकेचकडे काही म्हणजे काही आलं नाही. रडावं तर अभद्र, न रडावं तर छाती फुटायची वेळ. भाकरीसाठी पीठ भिजवताना ती मध्येच थांबायची आणि आपल्या तळहाताकडं बघत बसायची. याच हातानं ढकललं. हा हात तोडून टाकावा असं तिला वाटायचं, खोटं कशाला सांगू!

गुड फ्रायडेला सगळं गाव चर्चच्या आवारात दिवसभर दंडवत घालतं. मग एकेक जण पाप कबूल करतो, आणि धर्मगुरू जैतुणाच्या डहाळीनं पाठीवर हलकेच मारून आणखी किती दंडवत घालायचे ते सांगतात. अस्नाकेच दर वर्षी म्हाताऱ्या धर्मगुरूंपुढं, अब्बा हाब्तेंपुढं, तेच घेऊन बसायची.

"मी पोराला मुका घेऊ दिला नाही. सांगा किती."

"लेकी, तू नेम पाळलास. नेम पाळल्याचं प्रायश्चित्त मी कुठून आणू?"

"मग मला हे जाळतंय ते काय आहे?"

"दुःख आहे. धन्यानंही वधस्तंभावरून ओरडून विचारलंच ना, देवा, मला का टाकलंस म्हणून? आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी झाली. आशा सोडू नको."

"कबर होती म्हणून रिकामी झाली, अब्बा! माझ्या पोराची कबर कुठाय? मरियेला निदान लेकाचं अंग तरी मांडीवर मिळालं. तिनं घेतले असतील मुके. मला काय मिळालं?"

अब्बा डहाळी न लावताच तिला उठवायचे.

या वर्षी धाकटीनं, तिरुनेशनं, अरबांच्या मुलखात घरकामाला जायचं ठरवलं. आई हातापाया पडली, "ईस्टर होऊ दे गं, मग जा." पण दलाल म्हणाला, "विमानाला कसला उपास, बाई?" बस गुड फ्रायडेलाच दुपारी येणार होती.

बस आली तेव्हा अस्नाकेच सकाळपासून दंडवत घालत होती. कपाळाला माती, गुडघे सोललेले, तोंड कोरडंठाक. तिरुनेश पिशवी घेऊन आवारात आली आणि आईपासून चार हात लांब उभी राहिली. वाकली नाही. हातही पुढं केला नाही. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून म्हणाली, "आई, मी जवळ येत नाही. इथूनच आशीर्वाद दे."

दादाला ढकललेलं तिनं तेव्हा दारातून बघितलं होतं. ढकलून घ्यायला नको म्हणून पोर आधीच लांब उभी होती!

अस्नाकेचच्या काळजाचं पाणी झालं. आत धन्याच्या शेवटच्या आरोळीचं वाचन चाललं होतं. खाली बसनं भोंगा वाजवला. ती उठली, धडपडली, परत उठली, आणि भर गर्दीत लेकीला कवटाळून तिचे गाल, कपाळ, डोळे, दिसेल तिथं मुके घेत सुटली.

"अगं, आज?" शेजारची अस्कालेच ओरडली. "वेड लागलं का तुला!"

"हो, लागलं! बघ डोळे भरून!"

तिरुनेश लहान पोरीसारखी रडली. मग बस तिला घेऊन गेली, आणि वळणावर धूळ तेवढी राहिली.

अस्नाकेच सरळ अब्बांपुढं येऊन गुडघ्यांवर बसली. "आता तरी पाप झालं ना? आता सांगा किती."

अब्बांची डहाळी तिच्या पाठीला लागली. "शंभर."

तिनं शंभर घातले. शेवटी-शेवटी तिला हातांवर उठवेना. अब्बा म्हणाले, "झाले, लेकी. ऊठ आता."

"हे घेतल्याचे झाले," ती जमिनीवरूनच म्हणाली. "न घेतल्याचे राहिलेत."

आणि ती पुन्हा वाकली. अब्बांनी डहाळी बाजूला ठेवली, दुखरे गुडघे धरत-धरत खाली बसले आणि तिच्या शेजारी त्यांनीही कपाळ मातीला टेकवलं.