देवाच्या वाटणीचं तेल

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर कोणीतरी उभं आहे एवढं तिला कळे. कोण, ते आवाजावरून ठरवावं लागे. बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात कोपरगावला डोळ्यांचं शिबिर भरणार असल्याची बातमी आली. मुंबईचे डॉक्टर शनिवारी पाचपर्यंत रोगी तपासणार, निवडलेल्यांची ऑपरेशनं रविवारी सकाळी करणार आणि दुपारी परत जाणार. पुढचं शिबिर कधी, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या पाथर्डीकडच्या भागात त्या वर्षी पुढचं काही कोणी विचारतही नव्हतं.

मावशीचे यजमान, आमचे काका, गावचे माजी सरपंच. 'माजी' हा शब्द ते स्वतः उच्चारत नसत. शिबिराच्या उद्घाटनाची जाड, गुळगुळीत निमंत्रणपत्रिका त्यांना आली होती. तिच्यावर त्यांच्या नावाआधी 'सन्माननीय' छापलेलं होतं. असा माणूस एस.टी. बदलत बदलत कसा जाणार? त्यांनी एका ओळखीच्या कंत्राटदाराची व्हॅन मिळवली. ती दुष्काळी कामांवर खडीच्या ढिगांतून फिरलेली होती आणि तिला रस्त्याची फारशी सवय नव्हती. ड्रायव्हर पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. मी नगरला कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो. मला वाचता येतं आणि सुट्टीत माझे हात रिकामे असतात, एवढ्या पात्रतेवर मला बरोबर घेतलं गेलं.

सहाला निघायचं होतं. काकांचा फेटा मनासारखा बसेपर्यंत नऊ झाले आणि नऊला राहुकाळ लागला. तो टळून व्हॅन हलली तेव्हा साडेदहा वाजले होते. मावशीच्या मांडीवर तिळाच्या तेलाचा डबा होता. आदल्या वर्षीच्या तिळाचं, तिनं घाण्यावरून काढून आणलेलं. वाटेत शनिशिंगणापूरला थांबून काका ते देवावर वाहणार होते. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नव्हतं. मोतीबिंदू साडेसातीमुळे झाला, असं काकांचं निदान होतं. मग कोपरगावला कशाला जायचं, हे मी विचारलं नाही. व्हॅन त्यांनी मिळवली होती.

मिरी मागे पडल्यावर गिअर निसटायला लागला. ड्रायव्हर तिसरा टाकी, दांडा खाली थरथरे आणि फर्लांगभरात आपोआप सुटे. मला पुढे बोलावून दांडा दाबून धरायला सांगण्यात आलं. थोड्या वेळानं खालून रडल्यासारखा आवाज यायला लागला. तो वाढत गेला तसा ड्रायव्हरचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्यानं गाडी बाभळीखाली घेतली आणि तो खाली शिरला. मी मागे पाहिलं. धुळीच्या रस्त्यावर तेलाची काळी रेघ आमच्या मागोमाग आली होती.

गिअरबॉक्सच्या बुडाचा नट दगड लागून पडला होता आणि आतलं तेल सांडून गेलं होतं. पहिला आणि दुसरा गिअर गेल्यातच जमा होते. असंच रेटलं तर कोसभरात तिसऱ्याचेही दात झडतील, असं ड्रायव्हरनं सांगितलं. गिअरचं तेल मिळायचं ते राहुरीला. साडेबारा वाजले होते आणि जवळजवळ शंभर किलोमीटर बाकी होते.

ड्रायव्हरनं बाभळीची खुंटी तासली, तिला चिंधी गुंडाळली आणि दगडानं ठोकून भोक बुजवलं. मग हात पुसत तो मावशीच्या मांडीकडे बघत राहिला.

"तेल हाय की," तो म्हणाला.

काकांना समजायला एक क्षण लागला. "ते शनिमहाराजांचं हाय. यंत्रात वतायला न्हाई आणलं."

मग त्यांनी आपला तोडगा मांडला. आधी शिंगणापूर गाठायचं, तेल देवाला वाहायचं, आणि तिथं तेलाला काय तोटा, चौथऱ्याखालचं बादलीभर मागून घ्यायचं. ड्रायव्हर म्हणाला, तिथवर गाडी गेली असती तर त्यानं तोंड उघडलंच नसतं. काका म्हणाले, हा देव साधा नाही. आधीच त्याची दृष्टी वाकडी आहे. मी घड्याळ दाखवलं. काकांनी माझ्या शिक्षणाबद्दल दोन शब्द सुनावले. एक वाजायला आला होता, आणि डांबराचा पत्ता नसलेल्या त्या रस्त्यावर आम्ही तिघं व्हॅनच्या दाराशी उभे राहून एका डब्यावरून देवाचा स्वभाव ठरवत होतो. ज्या बाईच्या डोळ्यांचा प्रश्न होता तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"वता त्यात," मावशी आतून म्हणाली.

काका तिला समजावू लागले. ते बोलत असतानाच तिनं चाचपडत डबा पुढे सरकवला.

"अवो, त्याला समदं दिसतंय," ती म्हणाली. "मला दिसत न्हाई."

काकांनी डबा तिच्या हातून घेतला. ड्रायव्हरचा मात्र एक पेच उरला होता: तिळाचं तेल फार पातळ. अर्ध्या तासानं एक रिकामी बैलगाडी आली. तिच्याखाली वंगणाचं बांबूचं नळकांडं लोंबत होतं. ते काळं, घट्ट वंगण चाकासाठी असतं. गाडीवानानं व्हॅनकडे आणि काकांच्या फेट्याकडे पाहून निम्मं काढून दिलं. ड्रायव्हरनं ते तेलात कालवलं आणि केबिनमधली गिअरबॉक्सवरची फळी उचलली. नरसाळं नव्हतं. काकांनी खिशातून निमंत्रणपत्रिका काढली आणि तिची सुरळी केली. ओतायलाही तेच बसले. तेल वाहायचा मान त्यांचा होता. शेवटचा थेंब जाईपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

तिसऱ्यात गाडी सुटायची म्हणजे ढकलणं आलं. गाडीवानानं आणि मी ढकलली, मी धावत चढलो आणि पुन्हा दोन्ही हातांनी दांडा धरला. आता थांबायचं नाही, एवढा एकच नियम होता. घोडेगाव गेलं. शिंगणापूरच्या फाट्यावर काकांनी हात जोडले. मावशीनं कुठं आलो म्हणून विचारलं, तर त्यांनी सांगितलं नाही. राहुरीत तेल घ्यायलाही ड्रायव्हर थांबेना. माझा खांदा बधिर झाला होता. दांड्याची थरथर जरा बदलली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

राहुरीच्या पुढे कालव्याचा मुलूख. आमच्याकडे कडब्याची काडी दिसत नव्हती आणि इथं दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हारच्या अलीकडे त्याच उसाच्या बैलगाड्यांची रांग आडवी आली आणि आम्ही थांबलो. इंजिन बंद पडलं. साडेतीन वाजले होते. रस्ता मोकळा व्हायलाच तासभर गेला. त्यानंतर व्हॅन ढकलायला मी ऊसतोडीच्या माणसांना हाक मारली. पाच-सहा जण आले. बोलण्यावरून कळलं, आमच्याच बाजूचे. एकानं काकांना ओळखलं.

"काय सरपंच," तो म्हणाला, "तुमी बी आला व्हय तोडीला?"

काका खाली उतरले, फेटा सीटवर ठेवला आणि त्या माणसाच्या शेजारी खांदा लावला.

कोपरगावात शिरलो तेव्हा पावणेसहा झाले होते. वाटेत शेवटचा तासभर कोणी वेळ विचारली नव्हती. मांडवापुढे कमान होती, पताका होत्या आणि कर्ण्यावरून कोणीतरी बोलत होतं. बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकाला मी विचारलं, तपासणी संपली का? तो वैतागून म्हणाला, सुरू कुठं झालीय? दुपारचे प्रमुख पाहुणे आत्ता आले होते. डॉक्टर चार तास हार घालून व्यासपीठावर बसून होते. नावं भाषणं संपेपर्यंत घेणार, मग वही बंद.

नावनोंदणीच्या टेबलापुढे साठेक माणसांची रांग होती. आम्ही शेवटी उभे राहिलो. काका व्यासपीठाकडे गेले नाहीत. मावशीचा दंड धरून थांबले. पाहुणे प्रकाश आणि अंधार यांवर बोलत होते. असली भाषणं अर्ध्यावर सोडून उठण्याची मला सवय आहे, आणि त्या दिवशी मी मनापासून इच्छा करत होतो की या गृहस्थांना आणखी काहीतरी आठवावं. त्यांना ऋषिमुनी आठवले. रांग वीसनं पुढे सरकली. "शेवटी एवढंच सांगतो," ते म्हणाले आणि मी पुढची डोकी मोजू लागलो. पण ते वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, आणि दर वेळी त्यानंतर दहा मिनिटं बोलले. आभार मानायला दुसरा माणूस उठला तेव्हा आमच्यापुढे दोघं होते. कारकुनानं मावशीचं नाव लिहिलं, मागच्या बाईचं लिहिलं, आणि वही मिटली. त्या बाईच्या मागे अजून अकरा माणसं उभी होती. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

डॉक्टरांनी मावशीला तपासलं. दोन्ही डोळे एकदम करत नाहीत, उद्या उजवा करू, म्हणाले. नर्सनं तिच्या उजव्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर आकडा घातला.

"काय ल्हिलंय रं?" मावशीनं मला विचारलं.

मी आकडा वाचून दाखवला. तिनं बोटानं पट्टीच्या चारही कडा चाचपून पाहिल्या आणि पदर कपाळावरून मागे घेतला, पट्टी कोणालाही लांबून दिसेल असा.